पावसातल्या फेरीचे जादा पैसे

पावसाच्या दिवशी संजीवनीबाई दांडेकरांना आपल्या पुण्यातल्या फ्लॅटचा सर्व्हे नंबर आणि सोसायटीच्या पहिल्या सेक्रेटरीशी झालेल्या भांडणाचे कारण, दोन्ही तोंडपाठ असे. कोरड्या दिवशी त्यांना समोर बसलेला मुलगा ओळखू येत नसे.

निशिकांत पारसनीस त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तो दिवस कोरडा होता, आणि तसा तो असणे हा योगायोग नव्हता.

पारसनीस मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर. सिंगापूरला ते एका औषधविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरीसाठी आले, तिथे दोन वर्षे काढून कायद्याकडे वळले, वीसेक वर्षे वकिली केल्यावर नोटरी झाले. आदल्या वर्षी पत्नी स्मिता गेली. त्यानंतर त्यांनी भाड्याचे ऑफिस सोडले आणि लोकांच्या घरी जाऊन कागद प्रमाणित करून देऊ लागले. ऑफिस का सोडले असे कोणी विचारले, की भाडे परवडत नाही म्हणून सांगत. खरे म्हणजे घरी बसणे आणि बाहेर जाणे यांत त्यांना फारसा फरक वाटेनासा झाला होता, आणि बाहेर जाण्याचे निदान पैसे मिळत.

पैशांचे तीन भाग असत. प्रमाणपत्राची फी कायद्याने ठरलेली. ती वाढवता येत नसे, कमीही करता येत नसे. येण्याजाण्याचा खर्च वेगळा, आणि तो आधी फोनवर सांगायचा. तिसरा भाग पावसाचा. सिंगापूरचा पाऊस आला की विजांसकट येतो, अशा वेळी टॅक्सी मिळत नाही, नव्या अॅपवर मिळाली तर भाडे दुप्पट झालेले असते. शिवाय कागदाला दमट हवा लागली, की त्यावर शिक्क्याच्या यंत्राचा ठसा नीट उठत नाही आणि शाई वाळायला वेळ घेते. हा तिसरा भाग स्मिताने लावला होता. निवृत्तीनंतर घरोघरी जाऊन काम करायचे बेत दोघांत चालले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "पावसात जायचे जादा घे. मिळावेत म्हणून नाही, कोणी बोलावू नये म्हणून." हिशेब बरोबर ठरला. लोक आधी हवामानाचा अंदाज बघत आणि मग फोन करत. त्यातही आपली मराठी माणसे जरा जास्त बारकाईने बघत.

विवेक दांडेकर असाच एक. बँकेत नोकरी, वुडलँड्सला फ्लॅट. आईच्या नावावरचा पुण्याचा फ्लॅट विकायचा होता, त्यासाठी आईने मुलाला मुखत्यारपत्र द्यायचे होते. आईला त्यासाठी भारतीय वकिलातीच्या रांगेत उभे करणे शक्य नव्हते.

"सर, पाऊस म्हणजे नेमका किती पाऊस धरता?" त्याने फोनवर विचारले.

"मी घरातून निघताना विजांचा इशारा असेल, किंवा टॅक्सीचं भाडं चढलेलं असेल तर."

"निघताना कोरडं आणि पोचल्यावर पाऊस?"

"मग जादा काही नाही."

"मग शनिवारी दुपारी या. शनिवार कोरडा दाखवतायत."

शनिवार कोरडा निघाला. अकराव्या मजल्यावरच्या त्या घरातून मलेशियातल्या जोहोरला जाणारा पूल आणि त्यावर तुंबलेल्या गाड्या दिसत होत्या. संजीवनीबाई नेटकी साडी नेसून सोफ्यावर बसल्या होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढचे, पाठ ताठ, ओठ कोरडे.

"सकाळीच ईस्ट कोस्टला, समुद्रकाठी फिरवून आणलं आईला," विवेक म्हणाला. "तुम्ही तिकडचेच ना सर? आधी लक्षात आलं असतं तर तिथल्याच एखाद्या बाकावर सही घेतली असती. तुमचं येणंजाणं वाचलं असतं."

"तुमचे पैसे वाचले असते," पारसनीस म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

पारसनीस सही घेण्याआधी नेहमी तीन गोष्टी विचारत: नाव काय, कागद कशाचा, आणि अधिकार कोणाला देताय. संजीवनीबाईंनी नाव सांगितले, तेही माहेरचे. कागदाकडे बोट केल्यावर त्या म्हणाल्या, "मीटर खाली आहे. जिन्याखाली. तिथे जाऊन वाचा." विवेककडे बघून हे कोण, असे विचारल्यावर त्यांनी थोडा विचार केला.

"डॉक्टरांचे कंपाउंडर असतील," त्या म्हणाल्या. "स्वभावाने बरे आहेत."

मग विवेकने पेन हातात दिले तशी त्यांनी वळणदार अक्षरात सही केली. पारसनीसांनी यंत्र बॅगेतून काढलेच नव्हते. त्यांनी बॅगेची चेन लावली.

"सही तर व्यवस्थित केली ना आईने?"

"सही व्यवस्थित आहे. कशावर केली ते त्यांना माहीत नाही."

विवेकने वाद घातला नाही. येण्याजाण्याचे पैसे दिले आणि लिफ्टपर्यंत पोचवायला आला. तिथे तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि सगळे एका दमात बोलला. आईला इथे आणून वर्ष होत आले. आधी ठीक होती, मग घसरत गेली. डॉक्टरांच्या मते स्मृतिभ्रंश. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी; तेव्हा तिला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत असे डॉक्टर लिहून देतील. ते घेऊन कोर्टात जायचे. कोर्टाने परवानगी दिली की फ्लॅट विकायचा, आणि पुलापलीकडे जोहोरला एक वृद्धाश्रम आहे तिथे तिची सोय करायची.

"जाऊन बघून आलोय. स्वच्छ आहे. बाग आहे," विवेक म्हणाला. "मला हौस नाहीये सर."

"त्यांना विचारलंत?"

"काय विचारू? कंपाउंडर म्हणून विचारू?"

पारसनीसांनी लिफ्टचे बटण दाबले, आणि त्या प्रश्नाचे त्यांना काही वाटलेही नाही. त्यांच्या डोक्यात फक्त क्रम लागला: डॉक्टरांचा कागद झाला, की यापुढे या बाईंच्या होकाराला आणि नकाराला सारखीच किंमत राहील, म्हणजे काहीच नाही.

दुसरी फेरीही कोरडा दिवस बघूनच ठरली. संजीवनीबाई रोज वृद्धांच्या एका दिवसभराच्या केंद्रात जात; केंद्राची व्हॅन सकाळी नेई आणि संध्याकाळी आणून सोडी. पारसनीस पोचले तेव्हा त्या नुकत्याच परतल्या होत्या आणि खुर्चीत पेंगत होत्या. प्रश्न विचारायला सुरुवात केली तोच बाहेर अंधारून आले, आणि खिडकीतून जोहोर दिसेनासे झाले.

विवेकची बायको चैत्राली स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. ती घरूनच अकाउंट्सची कामे करी, त्यामुळे दिवसभर सासूजवळ असणारी तीच. "थोडं थांबता का काका? पाऊस सुरू झालाय. आई भानावर येतील आता."

"आता हिचं सुरू झालं," विवेक म्हणाला.

"अरे मी बघते ना रोज. पावसाच्या दिवशी आई एकदम वेगळ्या असतात. पेपर वाचतात, मला कोशिंबिरीवरून बोलतात. दापोलीचं माणूस आहे ते. पाऊस लागला की आतून जागं होतं काहीतरी."

"मग उन्हाळ्यात अख्खी दापोली कंपाउंडर शोधत फिरते का?"

"तू ऑफिसात असतोस. तुला काय दिसणार?"

पारसनीस थांबले. तासभर विजा कडाडल्या. संजीवनीबाईंनी एकदा डोळे उघडून मीटर वाचून झाला का विचारले आणि पुन्हा मिटले.

"पुरेसा पडला नाही अजून," चैत्राली हळूच म्हणाली.

निघताना विवेक दारात म्हणाला, "सर, येताना कोरडे आलात. जाताना भिजाल, तो तुमचा प्रश्न हं."

"नियमाप्रमाणे माझाच," पारसनीस म्हणाले, आणि भिजत स्टेशनला गेले.

परतीच्या एमआरटी मेट्रोत त्यांनी ओले मोजे बदलले आणि चैत्रालीच्या म्हणण्याचा विचार केला. दापोलीची गोष्ट त्यांनी ताबडतोब बाजूला ठेवली. पण प्रयोगशाळेत एक गोष्ट ते शिकले होते: माणसे कारण सांगताना जितकी चुकतात, तितकी जे पाहिले ते सांगताना चुकत नाहीत. चैत्राली रोज बघत होती. तिने पाहिलेले खरे असेल, आणि तासभराच्या पावसाने काहीच होत नसेल, तर काम पाऊस करत नव्हता. पावसाबरोबर येणारे, पण त्याच्याइतक्या लगेच न येणारे दुसरे काहीतरी करत होते. एवढ्यावर त्यांचे स्टेशन आले. घरी जाऊन त्यांनी सकाळची आमटी गरम केली आणि उभ्यानेच जेवले.

डिसेंबरात ईशान्येचा पाऊस लागला. तो तासाभरात आटपणारा नसतो; दिवसचे दिवस राखाडी राहतात. अशाच एका सकाळी चैत्रालीचा फोन आला.

"काका, परवा रात्रीपासून पाऊस आहे. आई पेपर वाचतायत. विवेक ऑफिसला गेलाय, मी त्याला सांगितलेलं नाही. आज याल का? जादा जे काय असेल ते मी देते."

"विजांचा इशारा आहे. टॅक्सीचं भाडंही चढलंय."

"चालेल म्हटलं ना."

त्यांनी कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात आणि शिक्क्याचे यंत्र टॉवेलात गुंडाळून घेतले. दार संजीवनीबाईंनीच उघडले, काठीला धरून.

"आधी पाय पुसा, मग आत या," त्या म्हणाल्या. "तुम्ही वकील ना? दोनदा येऊन गेलात म्हणे. मला आठवत नाही. राग मानू नका."

"राग कसला, काकू."

"एवढ्या पावसात आलात म्हणजे भरपूर घेणार असाल. चैत्राली, चहा तरी जरा चांगला कर."

चष्मा लावून त्यांनी मुखत्यारपत्र वाचायला घेतले. पहिल्याच पानावर थांबल्या. "सर्व्हे नंबर चुकलाय. हा शेजारच्या प्लॉटचा आहे. आमच्या पहिल्या सेक्रेटरीने हीच चूक केली होती, मी मीटिंगमध्ये दाखवली, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नसे." पुढचे पान वाचून त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"फ्लॅट विकायचा, हे कोणी ठरवलं?"

"तुम्हाला विचारलं होतं आई," चैत्राली म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात."

"कोणत्या दिवशी विचारलंत?"

कपबशी टेबलावर ठेवून चैत्राली आत निघून गेली.

पारसनीसांनी खुर्ची जवळ ओढली. "काकू, ज्या दिवशी बरं नसतं, त्या दिवशी सुरुवातीला काय होतं? आठवतंय का काही?"

"सुरुवातीचं आठवतं. बाहेर पडलं की तोंडाला कोरड पडते. जीभ टाळूला चिकटते. पेपर घेतला तर अक्षरं पसरतात. मग कोणीतरी कापसात गुंडाळून ठेवावं तसं होतं. पुढचं नाही सांगता येत."

तोंडाला कोरड, पसरलेली अक्षरे, मग विसर. पारसनीसांनी हे तिन्ही एकत्र पाहिले होते, पण माणसात नाही. प्रयोगशाळेत उंदरांना एका प्रकारचे औषध टोचत, आणि काल पाठ असलेला चक्रव्यूह त्यांना आज सापडत नसे. औषध उतरले की पुन्हा सापडे.

त्यांनी चैत्रालीला हाक मारून औषधे दाखवायला सांगितली. तिने डबा आणला. रक्तदाब, थायरॉइड, कॅल्शियम. त्यांत तसे काही नव्हते.

"पावसाच्या दिवशी यांतलं काही चुकतं का?"

"छे. औषधं मी स्वतः देते. रोजच्या रोज."

"मग पावसाच्या दिवशी काय वेगळं असतं?"

"काही नाही. घरीच असतात. मागे एकदा व्हॅनपर्यंत जाताना फरशीवर पाय घसरला होता, तेव्हापासून पावसात त्यांना बाहेर काढतच नाही. केंद्रात नाही, कुठेच नाही. एरवी रोज नेतो. डॉक्टरांनीच सांगितलंय, बाहेर न्या, माणसांत न्या. शनिवार-रविवारी विवेक गाडीतून नेतो."

"बाहेर न्यायच्या आधी काय काय करता? क्रमाने सांगा."

"क्रमाने काय काका, नेहमीचंच. अंघोळ, नाश्ता, औषधं, मग वेणीफणी. मग गोळी देते, चपला घालते आणि खाली नेते."

"औषधं तर झाली. गोळी कसली?"

"ते औषध नाही हो. घाटातली गोळी."

"म्हणजे?"

"काका, तुम्ही पुण्याचे ना? महाबळेश्वरला जाताना घाट लागायच्या आधी देतात ती. पहिल्या आठवड्यात आईंना व्हॅनमध्ये उलटी झाली, केंद्रातून तक्रार आली. तेव्हापासून देते. विवेकची मावशी पुण्याहून पाकिटं पाठवते."

"रोज?"

"निघायच्या आधी. रोजच निघतात ना."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"डॉक्टरांनी औषधं विचारली होती," चैत्राली म्हणाली. "आम्ही लहान असताना माझ्या आईने प्रत्येक ट्रिपला दिली आहे मला. ते कुठे औषध आहे."

ती गोळ्यांची पट्टी घेऊन आली. ती पर्सच्या आतल्या कप्प्यात, बडीशेपेच्या डबीशेजारी होती. मागचे बारीक नाव पारसनीसांनी खिडकीशी जाऊन वाचले; उंदरांना टोचत त्याच जातीचे औषध होते ते. मग तिथेच उभे राहून त्यांनी आपल्या दोन्ही फेऱ्या आठवल्या. पावसाचे जादा पैसे लावल्यामुळे त्यांना नेहमी कोरड्या दिवशीच बोलावले गेले होते, आणि कोरडा दिवस म्हणजे गोळीचा दिवस. तिसरी फेरी झाली नसती तर त्यांनी पाहिलेली संजीवनीबाई एकच असती, डॉक्टरांनी पाहिली तीच. कारण डॉक्टरांकडेही तिला गाडीनेच, म्हणजे गोळी देऊनच नेत. हे लक्षात आल्यावर त्यांना अपराधी वाटायला हवे होते, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात फक्त ओले बूट जाणवले.

"मी डॉक्टर नाही," ते म्हणाले. "ही पट्टी घेऊन आजच क्लिनिकमध्ये फोन करा. नाव वाचून दाखवा. आणि त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत ही देऊ नका."

"आणि सही?" संजीवनीबाईंनी विचारले.

"सर्व्हे नंबर चुकलाय, काकू. आज सही करता येणार नाही. पुढच्या वेळी कोरड्या दिवशी येतो. तुम्ही बाहेर जाऊन आल्यावर."

"मग आज उगाच भिजलात," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी विवेकचा फोन आला.

"क्लिनिकमधून सांगितलं, लगेच बंद करा. म्हणाले, या वयात ही गोळी रोज कोणी देतं का," तो म्हणाला. "मावशीला दर महिन्याला फोन करून मीच मागवायचो सर. संपत आल्या की आठवणीने." मग: "मी ती जोहोरची जागा बघून आलो होतो."

"बघितल्याने काही झालेलं नाही," पारसनीस म्हणाले.

"तुम्हाला बोलायला सोपं आहे."

"हो," पारसनीस म्हणाले. त्यांना खरेच तसे वाटत होते.

पाऊस ओसरल्यावर मधे एक आठवडा त्यांनी मुद्दाम जाऊ दिला. मग एका लख्ख रविवारी दुपारी ते वुडलँड्सला गेले. विवेकने सकाळी आईला गोळी न देता ईस्ट कोस्टला नेले होते. पुढच्या सीटवर बसवून, खिडकी उघडी ठेवून, वाटेत दोनदा थांबून. एकदा मळमळले, बाकी काही नाही. संजीवनीबाईंचे ओठ कोरडे नव्हते. कागद कशाचा ते त्यांनी सांगितले, आणि अधिकार कोणाला, असे विचारल्यावर म्हणाल्या, "हा काय, माझा मुलगा. सध्या माझ्या नजरेला नजर देत नाही, पण मुलगा माझाच आहे."

"आई."

"खोटं आहे का?"

परवाची एक गोष्ट त्यांना आठवली नाही, आणि चष्मा हातात असताना त्या चष्मा शोधत होत्या. डॉक्टरांनी पुन्हा तपासून हेच सांगितले होते: वयाप्रमाणे थोडा विसर आहे, पण निर्णय घेता येत नाहीत असे आपण लिहून देणार नाही. कोर्टाचा विषय तिथे संपला.

मुखत्यारपत्रात सर्व्हे नंबर दुरुस्त झाला होता, आणि विक्रीचे कलम संजीवनीबाईंनी काढायला लावले होते. फ्लॅट भाड्याने द्यायचा अधिकार तेवढा ठेवला होता. "विकायचा तर मला विचारून विकाल," त्या म्हणाल्या. "मी कुठे राहायचं तेही. जोहोरचं मला चैत्रालीने सांगितलं. बाग आहे म्हणे. बाग इथे खालीही आहे." त्यांनी प्रत्येक पानावर सही केली, शेवटच्या पानावर थोडी ठळक. पारसनीसांनी यंत्राचा दांडा दाबला. कोरड्या कागदावर ठसा स्वच्छ उठला.

विवेकने पैसे दिले. या वेळी त्याने काही विचारले नाही.

कारण असे होते. गाडी लागू नये म्हणून देतात त्या गोळीतले औषध मेंदूतल्या अॅसिटिलकोलीन या द्रव्याचे काम अडवते. आठवण ठेवणे आणि माणूस ओळखणे या द्रव्याच्या आधाराने चालते. तरुण माणसाला या गोळीने फक्त झोप येते. म्हाताऱ्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, रोज दिली तर साठत जाते, आणि माणूस भ्रमिष्ट दिसू लागतो. संजीवनीबाईंना ती बाहेर नेण्याआधी दिली जात होती, आणि पाऊस असला की त्यांना बाहेर नेत नव्हते. एक-दोन दिवस सलग पाऊस लागला की औषध उतरे आणि त्या शुद्धीवर येत. तासभराच्या पावसाने काही होत नसे, कारण त्या दिवशीची गोळी सकाळीच पोटात गेलेली असे.